एक पट्टी, तीन आकडे: आंबा संस्थेच्या प्रणालीतून हिशेबाचे नियम वेगळे काढताना

देवगड तालुक्यातली आंबा बागायतदारांची एक सहकारी संस्था. सभासद आपल्या पेट्या संस्थेच्या शेडमध्ये आणून देतात, ट्रक त्या रातोरात नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारात पोचवतो, तिथे दलाल माल विकतो आणि विक्रीची पट्टी पाठवतो. त्या पट्टीवरून संस्था सभासदाचा हिशेब करते आणि त्याचीही पट्टी छापून सभासदाला देते. पेटीमागे वाहतूक वजा, संस्थेचं सेवाशुल्क वजा, फवारणी-खतासाठी आधी दिलेल्या उचलीची वसुली वजा, आणि उरलेले पैसे सभासदाच्या बँक खात्यात. चार ओळींचा हिशेब. पण या चार ओळी संगणकात तीन ठिकाणी लिहिलेल्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी थोड्या वेगळ्या होत्या. त्या एका जागी आणण्याचं काम आमच्याकडे आलं, त्याची ही हकिकत.

काउंटरवरचा मूळ प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मधला, खाली ॲक्सेसची डेटाबेस फाइल. पुढे वर्षअखेरच्या खतावणीसाठी त्याला क्रिस्टल रिपोर्ट्स हे रिपोर्ट छापणारं साधन जोडलं गेलं. मोबाइल सगळ्यांच्या हातात आल्यावर एसएमएस आणि ॲपसाठी पीएचपीत आणखी एक भाग तयार झाला. तीन कामं, तीन वेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वर्षी केलेली. प्रत्येकाने डेटाबेसमधून पेट्या आणि दर उचलले आणि हिशेब आपापल्या परीने पुन्हा मांडला. कुणीच निष्काळजीपणा केला नव्हता. हिशेब मागायला जावं अशी एक जागाच प्रणालीत नव्हती, म्हणून ज्याला गरज लागली त्याने तो स्वतः लिहिला.

सभासदांच्या ते लक्षात आलं. एका बागायतदाराने कार्यालयात येऊन छापील पट्टी आणि मोबाइल शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "माज्या पट्टीर येक आकडो, मोबाइलार दुसरो. खरो खंयचो?" सचिवांकडे उत्तर नव्हतं.

तीच पट्टी आम्ही पुढे घेतली. १४ पेट्या, तीन ओळी: ५ पेट्या ३,१५० रुपयांनी, ६ पेट्या २,४४० रुपयांनी, ३ पेट्या १,८८० रुपयांनी. विक्री ३६,०३० रुपये. वाहतूक पेटीमागे ९५ रुपये, म्हणजे १,३३०. सेवाशुल्क सव्वादोन टक्के.

काउंटरचा प्रोग्राम पट्टीच्या प्रत्येक ओळीवर शुल्क काढून तिथल्या तिथे रुपयात पूर्ण करत होता: ३५४, ३२९ आणि १२७, मिळून ८१०. खतावणीचा रिपोर्ट एकूण विक्रीवर शुल्क काढून शेवटी एकदाच पूर्ण करत होता: ८१०.६७५ चे ८११. मोबाइलचा भाग आधी वाहतूक वजा करून उरलेल्या ३४,७०० वर शुल्क लावत होता: ७८१. त्यामुळे उचल कापण्याआधीची रक्कम छापील पट्टीवर ३३,८९०, खतावणीत ३३,८८९ आणि मोबाइलवर ३३,९१९. एका रुपयाचा फरक लोक सोडून देतात. तीस रुपयांचा नाही, आणि हंगामात अशा शेकडो पट्ट्या निघतात.

आणखी खोलात गेल्यावर एक बारीक गोष्ट सापडली, जी प्रोग्रामरांनी नीट बघण्यासारखी आहे. उचलीची वसुली म्हणजे हाती येणाऱ्या रकमेच्या निम्मी. ३३,८८९ चे निम्मे १६,९४४ रुपये ५० पैसे. व्हिज्युअल बेसिक ६ चं राउंड फंक्शन बरोबर मधोमध पडलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणजे १६,९४४. पीएचपीचं राउंड तोच आकडा शून्यापासून लांब नेतं, म्हणजे १६,९४५. सूत्र अक्षरशः एकच असतं तरी दोन भाषांनी वेगळं उत्तर दिलं असतं. पैसे पूर्ण कसे करायचे हा संस्थेचा निर्णय आहे. तो कुणी घेतलाच नव्हता, म्हणून प्रोग्रामिंगच्या भाषेने परस्पर घेऊन टाकला होता.

आधीचे थर

"थर पाडा", म्हणजे पडदा, नियम आणि डेटाबेस यांचा कोड वेगवेगळा ठेवा, हा सल्ला संस्थेला आधीही मिळाला होता आणि अमलातही आला होता. काउंटरच्या प्रोग्राममध्ये यूआय (पडदा), बीएल (बिझनेस लॉजिक, म्हणजे व्यवहाराचे नियम) आणि डीबी (डेटाबेस) अशी तीन दालनं होती. बीएलमध्ये उघडून पाहिलं तर 'सेव्ह पट्टी', 'गेट पट्टी', 'डिलीट पट्टी' अशी फंक्शनं, आणि प्रत्येकाच्या पोटात एकच ओळ: डीबीमधल्या त्याच नावाच्या फंक्शनला हाक. सव्वादोन टक्क्यांचा गुणाकार 'पट्टी छापा' या बटणाच्या मागेच बसलेला होता. बिझनेस लॉजिकच्या नावाचं दालन होतं, पण लॉजिक तिथे राहायला आलेलं नव्हतं.

असे थर फार ठिकाणी दिसतात, कारण ते माहितीच्या प्रवासाप्रमाणे पाडलेले असतात: पडद्यावरून आत, आतून डेटाबेसात. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या निबंधात नेमकं याविरुद्ध मांडलं होतं. प्रोग्रामचे तुकडे कामाच्या क्रमाने पाडू नका. जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे ते शोधा आणि एकेक निर्णय एकेका तुकड्यात लपवा. आम्ही या प्रकरणात तोच प्रश्न धरून बसलो: इथे कोणता निर्णय कोण बदलतं? शुल्क, वसुली, तूट (खराब निघालेल्या मालाची वजावट) यांचे नियम संचालक मंडळ बदलतं. पट्टी कशी दिसावी, एसएमएसमध्ये काय यावं हे काउंटरवरचे कर्मचारी आणि सभासद ठरवतात. ॲक्सेस ठेवायचं की बदलायचं हे आम्ही. दलालाच्या पट्टीचा नमुना वाशीत बदलतो आणि तो आपल्याला विचारून बदलत नाही. थराची रेघ या माणसांच्या मधून जायला हवी होती.

ठराववही

म्हणून पहिलं काम संगणकावर झालंच नाही. सचिवांसोबत ठराववही आणि जुन्या पट्ट्यांचे गठ्ठे घेऊन बसलो. ठराव सापडला: "पट्टीच्या एकूण विक्रीवर सव्वादोन टक्के सेवाशुल्क." म्हणजे मोबाइलचा भाग उघडच चुकत होता. रुपयात पूर्ण ओळीवर करायचं की बेरजेवर, याबद्दल ठरावात अक्षर नव्हतं.

मग न लिहिलेले नियम निघू लागले. हंगामाच्या शेवटी कॅनिंगला जाणारा माल डझनावर किंवा पेटीवर नसतो, किलोवर असतो, आणि त्याला पेटीमागची वाहतूक लागत नाही. कॅनिंगच्या पैशातून उचल निम्मी नाही, पूर्ण कापतात, कारण त्यानंतर त्या वर्षी कापायला दुसरा पैसा येणार नसतो. पण खतविक्रीची बाकी मात्र त्यातून कापत नाहीत. हे सगळं सचिवांना पाठ होतं आणि प्रोग्राममध्ये कुठेच नव्हतं. मे महिन्यात ते पट्ट्या हाताने दुरुस्त करायचे. त्यांच्या निवृत्तीबरोबर हे ज्ञानही गेलं असतं.

तारखेचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. आंब्याचा हंगाम ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो आणि नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात. ३० मार्चला शेडमधून निघालेली पेटी वाशीत १ एप्रिलला विकली गेली, तर दर कोणत्या वर्षाचा? काउंटरचा प्रोग्राम संगणकावरची आजची तारीख बघायचा. म्हणजे पट्टी टाइप करायला कुणाला कधी वेळ मिळाला यावर सभासदाचं शुल्क ठरत होतं.

जुन्या पट्ट्या पुन्हा छापताना तर याहून वाईट घडत होतं. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तेव्हा प्रोग्राममध्ये अडतीचा दर शून्य करून ठेवला गेला. त्या दिवसापुरतं ते बरोबर होतं. पण त्याआधीची एखादी पट्टी बँकेच्या कामासाठी किंवा वाटणीच्या वादात पुन्हा छापली, की तीत अडत शून्य दिसे आणि देय रक्कम प्रत्यक्ष मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त. घरात भाऊ भाऊ हिशेबावरून भांडत असताना संस्थेने असा कागद हातात देणं ही गंभीर गोष्ट आहे.

हे सगळे प्रश्न आम्ही मंडळापुढे ठेवले, त्या १४ पेट्यांच्या पट्टीसकट. मंडळाने ठराव केला: शुल्क एकूण विक्रीवर काढून शेवटी एकदाच रुपयात पूर्ण करायचं, ५० पैसे आणि वर असेल तर पुढचा रुपया, वसुली पूर्ण करताना मात्र खालचा रुपया, म्हणजे अर्धा रुपया सभासदाच्या बाजूने, आणि दर माल शेडमधून निघाल्याच्या तारखेचा. सॉफ्टवेअरच्या थरांसाठी सहकारी संस्थेच्या मंडळाला ठराव करावा लागला, आणि माझ्या मते हे अगदी योग्य झालं. हे निर्णय त्यांचेच होते.

गाभा

त्यानंतर लिहिलेला हिशेबाचा भाग, म्हणजे प्रणालीचा गाभा, छोटा आहे. मुख्य ओळी अशा:

विक्री = प्रत्येक ओळीच्या (पेट्या × दर) यांची बेरीज
वाहतूक = पाठवलेल्या पेट्या × नियम.पेटीमागे_वाहतूक
शुल्क = जवळचा_रुपया(विक्री × नियम.शुल्क_टक्के)
हाती = विक्री − वाहतूक − शुल्क
वसुली = कमी_असेल_ती(उचल_बाकी, खालचा_रुपया(हाती ÷ २))
देय = हाती − वसुली

या भागाला डेटाबेस माहीत नाही, पडदा माहीत नाही, आजची तारीख माहीत नाही. पट्टी, त्या तारखेची नियमावली आणि उचलीची बाकी बाहेरून येते; हिशेब बाहेर जातो. रकमा रुपयांच्या दशांशात नाही, पैशांच्या पूर्णांकात ठेवल्या, कारण ०.१ सारखा साधा दशांशसुद्धा संगणकाच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत बसत नाही. 'जवळचा रुपया' आणि 'खालचा रुपया' ही फंक्शनं आम्ही स्वतः लिहिली, भाषेच्या राउंडवर सोडली नाहीत.

दर ही माहिती आहे आणि सूत्र हा कोड आहे, हा फरक आम्ही जपला. दर 'कोणत्या तारखेपासून' या रकान्यासह तक्त्यात ठेवले, ठरावाच्या क्रमांकासह. सूत्रंसुद्धा पडद्यावरून बदलता येतील असं नियम-इंजिन घ्यावं अशी एक सूचना आली होती. ती नाकारली. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, आणि मोठे बदल तिथेच होतात. वर्षातून एकदा बदलणारं सूत्र माणसाने लिहावं, चाचणीने तपासावं. हंगामाच्या गर्दीत कुणी पडद्यावर सूत्र बदलू शकणं हा धोका आहे, सोय नाही.

चाचण्या जुन्या छापील पट्ट्यांवरून तयार केल्या, कॅनिंगच्या आणि सचिवांनी हाताने दुरुस्त केलेल्या पट्ट्यांसकट. चाचण्यांची नावं मराठीत आणि पूर्ण वाक्यात: "कॅनिंगच्या पट्टीतून उचल पूर्ण कापली जाते." सचिवांनी ती यादी वाचून दोन नावांवर हरकत घेतली आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबर निघालं. कोडचा थर नीट वेगळा झाला की नाही हे ओळखायला मला याहून चांगली कसोटी माहीत नाही: ज्याचा नियम आहे त्याला तो तिथे वाचता आला पाहिजे.

गाभ्याच्या भोवती

गाभ्याच्या बाहेरच्या थराचं काम म्हणजे एक व्यवहार पार पाडणं. 'पट्टी नोंदव' म्हटलं की सभासदाची बाकी आणि पाठवणीचं चलन आणायचं, लागू नियमावली शोधायची, गाभ्याला हिशेब विचारायचा, निकाल साठवायचा, एसएमएसची व्यवस्था करायची. साठवणं एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतं: पट्टी, उचलीची बाकी आणि देय रक्कम एकत्र तरी नोंदली जातात नाहीतर काहीच नोंदलं जात नाही. एसएमएस मात्र त्या ट्रान्झॅक्शनच्या आत पाठवत नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की इकडे वीज कधीही जाते, आणि पूर्वी एसएमएस गेला पण पट्टी नोंदलीच गेली नाही असं घडलेलं होतं. आता त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायचे संदेश' या तक्त्यात एक ओळ पडते, आणि दुसरा प्रोग्राम त्या ओळी उचलून पाठवतो. वीज आल्यावर तो राहिलेलं काम पुढे चालवतो.

डेटाबेसशी बोलण्याची भाषा या थराने ठरवली: "या सभासदाची बाकी दे", "ही पट्टी ठेव". डेटाबेसचा भाग ती मागणी पुरवतो. अवलंबन आतून बाहेर नाही, बाहेरून आत. सॉफ्टवेअरतज्ज्ञ ॲलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये पोर्ट आणि ॲडॅप्टर या नावाने मांडलेली रचना हीच. तिचा उपयोग लगेच पावसाळ्यात झाला: ॲक्सेस काढून पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस आणताना हिशेबाच्या कोडमधली एकही ओळ हलली नाही.

सगळेच नियम गाभ्यात जात नाहीत, आणि इथे हट्ट करू नये. पट्टीतल्या पेट्या चलनातल्या पेट्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत, हा गाभ्यातला नियम. चलन बाहेरच्या थराने आणून द्यायचं. दराच्या रकान्यात अक्षरं नकोत, हे पडद्याने बघावं. पण दलालाचा एकच पट्टी क्रमांक दोनदा नोंदू नये, हे डेटाबेसच्या युनिक निर्बंधालाच (एक मूल्य दोनदा न घेणाऱ्या अटीला) सांगावं लागतं, कारण दोन काउंटरांवर एकाच क्षणी तीच पट्टी टाइप होऊ शकते आणि गाभ्याला ते दिसण्याचा मार्ग नाही.

खतावणीचं सूत्र काढून टाकलं. नोंदलेल्या पट्टीचा निकाल हा हातात दिलेल्या कागदासारखा पक्का आहे. तो नियमावलीच्या क्रमांकासह साठवला जातो आणि रिपोर्ट फक्त साठवलेल्या रकमांची बेरीज करतो, सरळ एसक्यूएलने. तिथे मधले थर ओलांडले म्हणून काही बिघडत नाही, कारण रिपोर्ट आता काही ठरवत नाही. जुनी पट्टीही साठवलेल्या निकालावरूनच छापली जाते, त्यामुळे २०१६ पूर्वीची अडत पुन्हा जागेवर आली.

या बदलांचा सगळ्यात मोठा फायदा साक्याच्या तुटीत दिसला. फळ वरून निर्दोष आणि आत साका (गराचा खराब, स्पंजासारखा भाग), हे हापूसचं जुनं दुखणं; विक्री झाल्यावर खरेदीदार तक्रार करतो आणि दलाल तूट कळवतो. त्या १४ पेट्यांतल्या ३,१५० च्या दोन पेट्यांवर तूट आली, ६,३०० रुपये. जुना प्रोग्राम हे पूर्ण ६,३०० सभासदाच्या पुढच्या पट्टीतून वजा करायचा. पण विक्री २९,७३० झाली की शुल्कही ८११ ऐवजी ६६९ च लागतं. वाहतूक मात्र तेवढीच, पेट्या वाशीला गेल्याच होत्या. हाती येणारी रक्कम ३३,८८९ वरून २७,७३१, वसुली १६,९४४ वरून १३,८६५, देय १६,९४५ वरून १३,८६६. म्हणजे सभासदाकडून ३,०७९ रुपये परत यायचे आणि त्याची उचलीची बाकी ३,०७९ ने वाढायची. जुन्या पद्धतीत त्याच्याकडून ६,३०० एकदम जात होते आणि त्यातले १४२ रुपये संस्थेने जास्तीचे घेतलेले शुल्क होतं.

आता तूट आली की मूळ पट्टी खोडली जात नाही. दुरुस्त विक्री घेऊन तोच गाभा पुन्हा हिशेब करतो आणि दोन निकालांतला फरक 'दुरुस्ती पट्टी' म्हणून नोंदला जातो. यासाठी वेगळं सूत्र लिहावं लागलं नाही.

सभासदाचा पत्ता, बँक खातं, फोन बदलण्याचे पडदे आम्ही या शिस्तीत बसवले नाहीत. तिथे नियम जवळपास नाहीत, आणि एक रकाना वाढवायला चार ठिकाणी हात लावायला लागला तर पुढचा माणूस कंटाळून सगळीच शिस्त सोडतो. उलट ग्राहकाला थेट घरपोच विक्री सुरू झाली तेव्हा तिला गाभ्यात जागा द्यावी लागली. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ज्या बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नाही त्याच्या खोक्यावर ते चिन्ह जाता कामा नये. चिन्ह कुठे आणि केवढं छापायचं हे लेबल छापणारा भाग बघतो. छापायचं की नाही हे गाभा सांगतो.

खतविक्रीचा हिशेब अजून जुन्याच बटणामागे आहे. तो एकाच ठिकाणी होतो आणि बरोबर होतो, म्हणून त्याला हात लावला नाही. आता ती बाकी ॲपवर दाखवावी अशी मागणी सभासदांकडून आली आहे. ती मंजूर झाली की तोच हिशेब दुसऱ्या ठिकाणी लागेल, आणि ॲपचं काम सुरू करण्याआधी तो बाहेर काढायचा असं ठरलं आहे. त्यासाठी जुन्या पावत्या जमवायला सचिवांनी सुरुवात केली आहे.